कुडाळ–मालवण, मार्गे बॉलविन

अमेरिकेत लेकीकडे सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलेल्या आईबापांना शेजारी म्हणून फक्त गॅरेजची दारं भेटतात. दार वर जातं, गाडी आत शिरते, दार खाली येतं. सकाळी फिरायला निघालं की कुत्र्यामागून चालणारा कोणीतरी हात वर करतो, आपणही करतो, झालं. आमची लेक सेंट लुईसच्या पश्चिमेला बॉलविनमध्ये राहते. तिथल्या आळीतली घरं मी दारांच्या रंगावरून ओळखायला लागलो होतो, माणसं मात्र एकही नाही. ती सगळी एकाच संध्याकाळी भेटली, 2024 च्या 31 ऑक्टोबरला, हॅलोविनला, म्हणजे मुलं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागत फिरतात त्या सणाला. पुढे आमची चार वर्षांची नात, मागे मी.

मुलांना दारोदार फिरवायचं काम बहुतेक घरांत बापाकडे असतं. जावईबापूंना त्या दिवशी कामावरून यायला उशीर होणार होता. लेकीच्या अंगावर पूजा होती, कारण त्या वर्षी पंचांगाने गंमत केली होती. कुडाळला लक्ष्मीपूजन शुक्रवारी, 1 नोव्हेंबरला. पण अमावास्या लागली भारतातल्या 31 तारखेला दुपारी चारच्या सुमाराला, म्हणजे इथल्या 31 च्या पहाटे, आणि 1 तारखेच्या सकाळी ती इथे संपूनही जाणार होती. त्यामुळे अमेरिकेत पहाटेचं अभ्यंगस्नान आणि संध्याकाळचं लक्ष्मीपूजन, दोन्ही गुरुवारी 31 लाच आलं. प्रदोषकाळ सूर्यास्तानंतरचा. मुलांनी चॉकलेटं मागत फिरायची वेळ सहा ते आठ. एकाच प्लॅटफॉर्मवर दोन गाड्या लागल्या. उभी हयात एसटीच्या कुडाळ आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून गेलेली असल्यामुळे मला यात फारसं नवल वाटलं नाही. आमच्या सौभाग्यवतींना मात्र ते पटेना.

"लक्ष्मी घरात येवच्या वेळार चेडवाक घेऊन तुमी लोकांच्या दारात खंय चललास?"

तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. लेकीने वेळापत्रक बसवलं. सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, तो मावळला की लगेच पूजा. आरती झाली की मी आणि बाय, म्हणजे आमची नात, बाहेर. आजी पणत्या लावून दारात बसणार आणि येणाऱ्या मुलांना चॉकलेटं देणार. म्हणजे दार उघडं, दिवे लागलेले, घरात माणूस. लक्ष्मीच्या दृष्टीनेही गैरसोयीचं काही नव्हतं.

दुसऱ्याच्या दारात जाऊन खायला मागायचं, हे मलाही थोडं खुपत होतंच. पण शिमग्यात वाटेत दोरी आडवी धरून येणाऱ्याजाणाऱ्याकडे शबय मागितलेला माणूस मी. तोंडाला रंग, अंगावर आईचं जुनं लुगडं, आणि पैसे पडेपर्यंत दोरी सोडायची नाही. पुढे नोकरीला लागल्यावर त्याच दोऱ्यांपायी माझ्या गाड्या उशिरा यायच्या, तेव्हा मी पोरांना शिव्याही घातल्या आहेत. अशा माणसाने इथे सोवळेपणा दाखवण्यात अर्थ नव्हता.

पोशाख हे त्यातलं सगळ्यात मोठं काम. ऑक्टोबर लागला की दुकानांत परी, वाघ, भोपळा, सांगाडा, जे म्हणाल ते टांगलेलं असतं. बायला कचऱ्याची गाडी व्हायचं होतं. दर आठवड्याला यांत्रिक हाताने डबे उचलणारी ती गाडी हे तिचं दैवत आहे. लेक म्हणाली, खोक्याची करून देऊ. खोकं म्हटल्यावर काम माझ्याकडे आलं आणि खोकं लाल रंगवून झाल्यावर गाडीचा प्रकार बदलला. मी काही तिची फसवणूक केली नाही. "कचऱ्याची गाडी आळीत फिरते, ही गाडी घाटातून जाते आणि हिच्यात साठ माणसं बसतात," एवढंच सांगितलं. तिने विचार केला आणि अट घातली, हॉर्न पाहिजे.

खोकं व्हॅक्यूम क्लीनरचं होतं. वरून डोकं जाईल एवढं भोक, खालची बाजू पूर्ण कापलेली, खांद्यावर विमानाच्या बॅगांना बांधून आणलेले पट्टे. लाल पोस्टर रंगाचे दोन हात, मधून पिवळा पट्टा. समोर पाटी: "कुडाळ–मालवण, मार्गे चौके". नंबर घालताना लेक एमएच 07 लिहायला लागली, तो सिंधुदुर्गाचा म्हणून. मी थांबवलं. गाडी कुडाळ आगाराची असली तरी बांधलेली पुण्याजवळच्या दापोडीच्या एसटी कार्यशाळेत, तेव्हा नंबर तिथला, एमएच 14. या आळीत ते कोणाला कळणार होतं? मला कळणार होतं.

पहिल्या चाचणीत गाडी जिन्यावर अडकली. इथल्या घरांच्या दारात दोनचार पायऱ्या असतात आणि खोक्यामुळे तिला पायाखालचं दिसेना, गुडघा वर येईना. खालून चार बोटं कापली, समोरच्या बाजूला थोडी जास्त. आत जाड स्वेटर मावतो का तेही पाहिलं, कारण ऑक्टोबर संपताना संध्याकाळ गारठते आणि पोशाखावरून कोट घालायला कुठलंच मूल तयार होत नाही. आजीआजोबांपैकी कोणी असा घाट घालणार असेल तर पोशाख स्वेटरवर मापावा, हे एवढं लक्षात ठेवा. पुढे बटण दाबून पेटणारे दोन छोटे दिवे बसवले, मागे चमकणारी पट्टी चिकटवली. बाकीची सजावट हौसेची, पण ही पट्टी हौसेची नव्हती. अमेरिकेतल्या 1975 ते 2016 पर्यंतच्या रस्ते अपघातांवर एक अभ्यास झालेला आहे. हॅलोविनच्या संध्याकाळी पादचारी दगावण्याचं प्रमाण आदल्या आणि पुढच्या आठवड्यातल्या त्याच वाराच्या, त्याच वेळेपेक्षा 43 टक्क्यांनी जास्त निघालं, आणि त्यात लहान मुलांचा धोका फार मोठा. हे वाचल्यावर चॉकलेटात कोणी काही मिसळेल का, ही आजीची काळजी मी बाजूला ठेवली आणि रस्त्याची धरली.

एक तयारी इथलीच खास. सेंट लुईसमध्ये नुसतं "ट्रिक ऑर ट्रीट" म्हणून चालत नाही, मुलाने दारात विनोद सांगायचा, मग चॉकलेट. बाकीच्या अमेरिकेत हे फारसं कोणाला ठाऊक नसतं. शेजारच्या आयोवा राज्यात डी मॉइन शहरात मात्र आहे. 1938 साली तिथे हॅलोविनच्या रात्री पोरांनी एवढी तोडफोड केली, की त्यानंतर शहराने आदल्या दिवशीची, 30 ऑक्टोबरची संध्याकाळ मुलांच्या फेरीसाठी ठरवून दिली. तिचं नावच भिकाऱ्यांची रात्र. तिथेही काहीतरी म्हणून दाखवल्याशिवाय खाऊ मिळत नाही अशी रीत पडली. ही कल्पना मला फार आवडली. देणाऱ्याला काहीतरी दिल्यावर घेणं म्हणजे निदान तिकीट काढून प्रवास.

बायला बसला शोभेल असा विनोद हवा होता. लेकीने शिकवला. बस झोपायला का गेली? कारण ती टायर्ड झाली होती. तिने तो आठवडाभर आम्हा सगळ्यांना सांगितला, कुडाळला फोन लावून मावशीआजीलाही सांगितला. अडचण एवढीच, की उत्तर आठवल्याचा आनंद तिला दम धरू देत नसे. ती आधी "बिकॉज इट वॉज टायर्ड!" म्हणून खदखदून हसायची आणि मग प्रश्न विचारायची.

गुरुवारी पहाटे उटणं, आंघोळ. कारीट इथे मिळत नाही म्हणून लहान काकडी दारात ठेवून अंगठ्याने फोडली. काकडी कारिटापेक्षा चिवट निघाली. त्याआधी व्हिडिओ कॉलवर पुतण्याने गावचा नरकासुर दाखवला होता. आमच्याकडे आदल्या रात्रभर पोरं गवत, कागद, चिंध्यांचा राक्षस करून मिरवतात आणि पहाटे जाळतात. बायने तो पेटताना बघितला आणि तिला तो पूर्ण पटला. हे पुढे उपयोगी पडलं, किंवा नडलं.

संध्याकाळी पूजा आटोपून निघालो तेव्हा पुरता काळोख झाला नव्हता. 2007 पासून इथे उन्हाळी वेळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत चालते. त्यामुळे हॅलोविनला तासभर उजेड जास्त मिळतो. मार्ग मी आधीच आखला होता. जाताना उजवी बाजू, कोपऱ्यावर गाड्यांना थांबायला सांगणाऱ्या पाटीपाशी एकदाच रस्ता ओलांडायचा, येताना दुसरी बाजू. पोरं समोरचं घर दिसलं की तिरकी पळतात, अपघात तिथेच होतात. बायला सांगितलं, एसटी रस्ता सोडून पळत नाही. तिला ते पटलं.

बाकीचे नियम लेकीने शिकवले होते. दाराबाहेरचा दिवा लागलेला असेल तरच जायचं, दिवा बंद म्हणजे त्या घराला आज पाहुणे नकोत. हिरवळीतून जायचं नाही, पायवाटेने जायचं. मोठ्या माणसाने पायवाटेवर थांबायचं, मुलाने पुढे जायचं. हे शेवटचं मला जड गेलं. चार वर्षांची पोर, अंगावर खोकं, पायऱ्या चढून अनोळखी दाराची घंटा वाजवते आहे आणि आपण वीस पावलं लांब हाताची घडी घालून उभे. पण माझ्या आजूबाजूला सगळेच बाप तसे उभे होते, कोणी हातात कॉफी, कोणी आणखी काही घेऊन, तेव्हा मीही उभा राहिलो.

पहिल्या घरी दार उघडणाऱ्या बाईंनी विचारलं, "फायर ट्रक?"

"नो. एसटी."

"काय?"

"कुडाल मालवन," बाय म्हणाली आणि हॉर्न वाजवला. मग उत्तर सांगितलं, हसली, प्रश्न विचारला. बाईंनी क्षणभर हिशोब जुळवला आणि मनापासून हसल्या. दोन चॉकलेटं पडली.

पुढे हे असंच चालू राहिलं. कोणी अग्निशमन गाडी म्हणालं, कोणी लंडनची बस. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा लावून पाटी वाचायचा प्रयत्न केला आणि मला खुणेने जवळ बोलावलं. ही कुठली लिपी, ही कुठली बस? मी सांगितलं, आमच्या राज्याची, 1948 साली पुणे ते अहमदनगर पहिली धावली, मी तिथेच नोकरीला होतो. ते म्हणाले, मी रेल्वेत होतो, मालगाड्यांवर. मग आम्ही दोघं त्यांच्या पायरीवर वेळापत्रकांबद्दल बोलत बसलो. माझं इंग्रजी नोंदवहीतलं, त्यांचं चघळलेलं, पण उशिरा येणाऱ्या गाडीबद्दल जगात कुठेही बोलता येतं. शेवटी बायने हॉर्न वाजवला, गाडी सुटायची वेळ झाली म्हणून.

त्या संध्याकाळी अंगणात जेवढ्या थडग्यांच्या खोट्या पाट्या, तेवढ्याच निवडणुकीच्या. 5 नोव्हेंबरला अध्यक्षपदाचं मतदान होतं. एका अंगणात ट्रम्प, शेजारच्या अंगणात हॅरिस, मध्ये एक सांगाडा बसवलेला. दोन्ही घरची माणसं गाडी उभी करायच्या सिमेंटच्या जागेवर एकच शेगडी पेटवून खुर्च्या टाकून बसली होती आणि मुलांना दार गाठायचीही गरज नव्हती. पाटीवरून माणसाचा अंदाज बांधायचा तर त्या दोघांत कोण कोणत्या घरचा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

एका दारात निळसर हिरव्या रंगाचा भोपळा ठेवला होता. इथे सगळीकडे केशरी भोपळे कोरलेले असतात. मूळचे आयरिश लोक म्हणे सलगम कोरायचे, अमेरिकेत आल्यावर त्यांना भोपळा सापडला. हा निळा रंग मला चुकून लागलेला वाटला. घरच्या बाईंनी सांगितलं, ज्या मुलांना शेंगदाणा, दूध वगैरे सोसत नाही त्यांच्यासाठी या घरात खायच्या ऐवजी खेळणं मिळतं, अशी ती खूण. बायला चिकटचित्रांचा कागद मिळाला आणि तो तिने तिथल्या तिथे बसच्या खिडकीवर चिकटवला. एक घर बंद होतं, पण दिवा चालू, पायरीवर टोपली आणि "एकच घ्या" अशी पाटी. आमच्या पुढची मोठी मुलं आली, इकडेतिकडे पाहिलं आणि खरंच एकेकच घेऊन गेली. मी थोडा निराश झालो असं म्हटलं तरी चालेल.

आणि मग तो सांगाडा. बारा फुटी, दोन मजली घराच्या वरच्या खिडकीत डोकावणारा, डोळ्यांत दिवे. होम डेपो दुकानाने 2020 मध्ये विकायला काढल्यापासून हे सांगाडे इथल्या आळ्यांत उभे राहायला लागले. लहान मुलं आईच्या मागे लपत होती. बाय त्याच्या पायाशी गेली, वर पाहिलं आणि घरमालकांना इंग्रजीत विचारलं, "याला कधी जाळणार?"

ते म्हणाले, "सॉरी?"

"सकाळी जाळायचा ना. मग आंघोळ."

मला पुढे व्हावं लागलं. आमच्याकडे याच दिवशी पहाटे एका राक्षसाचा पुतळा जाळतात, काल संध्याकाळीच तिने फोनवर पाहिला, असं समजावलं. गृहस्थ खूश झाले. म्हणाले, कल्पना चांगली आहे, पण याला तीनशे डॉलर पडले, पेटवला तर बायको मला जाळेल. बायला ते उत्तर पसंत पडलं नाही. परतीच्या वाटेवर तिने मला तीनदा विचारलं, मग तो मरणार कसा? आमच्याकडचे ख्रिस्ती शेजारी 2 नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावून आपल्या माणसांची आठवण काढतात, ही हॅलोविनची रात्र त्याच दिवसांच्या उंबरठ्यावरची, हे मी तिला सांगणार होतो. पण तिच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. तिला सरळ हिशोब हवा होता, राक्षस उभा केला की जाळायचा.

कोपरा ओलांडून दुसऱ्या बाजूला लागल्यावर गाडीचा वेग पडला. पिशवी मी घेतली. मग हॉर्न मी घेतला. शेवटच्या दोन घरांआधी अख्खं खोकं काढून माझ्या हातात आलं आणि दारात गेली ती स्वेटर घातलेली एक साधी मुलगी. घरच्या आजींनी विचारलं, तू कोण झाली आहेस? बायने माझ्याकडे बोट दाखवलं. मी खोकं वर धरलं.

घरी आलो तर आमच्या दारात गर्दी. पणत्यांची रांग बघून मुलं लांबून आमच्याच घराकडे वळत होती. चॉकलेटांची टोपली हिच्या मांडीवर. तिला खरं म्हणजे करंज्या द्यायच्या होत्या. लेकीने आदल्या दिवशीच बजावलं होतं, घरी केलेलं आणि बंद पाकिटात नसलेलं काहीही द्यायचं नाही, आईबाप नेऊन टाकून देतात. विषाच्या भीतीने. जोएल बेस्ट नावाच्या समाजशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं अशा बातम्या तपासल्या, अनोळखी माणसाने दिलेल्या विषारी खाऊने मूल दगावल्याचं एकही पक्कं प्रकरण त्यांना सापडलं नाही. 1974 मध्ये टेक्सासात एक मुलगा खरोखर गेला, पण विष घालणारा त्याचा बापच होता. तरी भीती आहे ती आहे, आणि करंज्या स्वयंपाकघरातच राहिल्या. हिने त्यावर आपला मार्ग काढला. मुलांना चॉकलेट, आणि मागे पायवाटेवर ताटकळत उभ्या असलेल्या आईबापांना हाक मारून चकली. मोठ्यांना कोण विष घालतो? ते येऊन घेत होते, खात होते आणि पणत्या कशासाठी म्हणून विचारत होते. एका चेटकिणीच्या वेशातल्या बाईने आत येऊन लक्ष्मीला नमस्कारही केला, टोपी काढून. हे सांगताना हिचा सकाळचा राग कुठल्या कुठे गेला होता.

मग जमिनीवर पिशवी उलटी केली. पाकीट फाटलेलं, उघडलेलं काही असेल ते लेकीने आधी बाजूला काढलं. त्यानंतर पाकिटांवरची बारीक अक्षरं. गुरुवार आणि वर दिवाळी, म्हणून हिला जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यापासून केलेलं, काही घरात नको होतं, आणि ते भलत्या भलत्या गोष्टींत निघतं, चघळायच्या गोळ्यांत, मक्याच्या दाण्यांसारख्या दिसणाऱ्या, भोपळ्याच्या रंगाच्या त्या गोळ्यांतसुद्धा. तो ढीग जावईबापूंच्या ऑफिसला गेला. शेंगदाण्याच्या लोण्याचे कप लेकीने कर म्हणून वसूल केले, इथे सगळेच आईबाप करतात म्हणे. बाय प्रत्येक वजावटीवर भांडली आणि भांडता भांडता तिथेच आडवी झाली.

उरलेल्यात एक चॉकलेट असं, की ज्याला कोणी हात लावेना. लेक म्हणाली, हे इथल्या मुलांनाही आवडत नाही, आत खोबरं असतं. खोबरं म्हटल्यावर आमची ही सरसावली. वेष्टन काढलं, अर्धं मला दिलं, अर्धं तोंडात टाकलं आणि डोळे मिटून बराच वेळ चावत राहिली.

"साखर लय घातलीहा," ती म्हणाली. "आणि खोबरा गेल्या सालचा आसा."

मग उरलेली दोन तिने आपल्या पर्समध्ये टाकली.